नियंत्रित औषधमोचन : बहुवारिकांपासून संगणकापर्यंत

एखादी साधी गोळी दिवसातून तीनदा घेतली की रक्तातील औषधाचे प्रमाण तीनदा चढते आणि तीनदा उतरते. चढताना ते अपायकारक पातळीजवळ जाऊ शकते, तर उतरताना निष्प्रभ ठरण्याइतके कमी होऊ शकते. या दोन मर्यादांच्या दरम्यान औषधाची पातळी दीर्घकाळ राखण्याच्या तंत्राला ‘नियंत्रित औषधमोचन’ असे म्हणतात. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी ५० टक्केच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. औषधाच्या वेळा जितक्या कमी, तितकी ती चुकण्याची शक्यताही कमी.

पूर्वपीठिका

या दिशेने पहिले मोठे व्यापारी पाऊल १९५२ मध्ये पडले. ‘स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच’ या कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ ही कॅप्सूल बाजारात आणली. तिच्यातील बारीक दाण्यांवर कमी-अधिक जाडीचे लेप होते आणि ते निरनिराळ्या वेळी विरघळत. १९६१ मध्ये ताकेरू हिगुची यांनी आधारद्रव्यात मिसळलेले औषध कसे बाहेर पडते याचे समीकरण मांडले. सुटलेल्या औषधाचे प्रमाण काळाच्या वर्गमुळाशी निगडित असते, असा त्याचा सारांश आहे. म्हणजेच दुप्पट औषध सुटायला चौपट वेळ लागतो आणि मोचनाचा वेग हळूहळू मंदावत जातो. १९६४ मध्ये ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी सिलिकॉन रबरातून औषध दीर्घकाळ पाझरू शकते, हे दाखवून दिले. मात्र प्रथिनांसारखे मोठे रेणू या मार्गाने बाहेर पडू शकणार नाहीत, असाच बहुतेकांचा समज होता. रॉबर्ट लँगर आणि फोकमन यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मधील शोधनिबंधाद्वारे तो खोडून काढला.

नवी द्रव्ये

पुढचा टप्पा शरीरातच विघटन पावणाऱ्या बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा होता. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनणारे ‘पीएलजीए’ हे त्यांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य होय. पाण्याच्या संपर्कात त्याच्या साखळ्या तुटतात आणि उरलेली दोन्ही आम्ले शरीर पचवून टाकते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड हे औषध या प्रकारच्या सूक्ष्मगोलकांत भरून महिन्यातून एकदा टोचण्यास अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे रोजच्या इंजेक्शनाची गरज उरली नाही. १९९६ मध्ये मेंदूतील गाठ काढल्यानंतर त्याच पोकळीत ठेवायच्या चकत्यांना मान्यता मिळाली. त्यांचे बहुवारिक साबणाच्या वडीसारखे पृष्ठभागाकडून झिजते आणि कर्करोगविरोधी औषध नेमके तेथेच सोडते.

अडचण कोठे आहे?

बहुवारिकातील दोन घटकांचे गुणोत्तर, साखळ्यांची लांबी, कणांचा आकार, औषधाची विद्राव्यता आणि त्याचे प्रमाण, यांपैकी काहीही बदलले की मोचनाचा आलेख बदलतो. कित्येकदा पहिल्या काही तासांतच औषधाचा मोठा हिस्सा एकदम बाहेर पडतो. तीव्र औषधाच्या बाबतीत हे धोक्याचे असते. शिवाय महिनाभर चालणारे औषध तपासायला प्रयोगशाळेतही महिना लागतो. असे शेकडो नमुने एकामागून एक करून पाहणे वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी परवडणारे नसते.

येथेच मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राने उदाहरणांवरून नियम शिकण्याची पद्धत उपयोगी पडते. कॅनडातील टोरंटो विद्यापीठाच्या क्रिस्टीन ॲलन आणि आलान आस्पुरु-गुझिक यांच्या गटांनी २०२३ मध्ये याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांचे १८१ मोचन-आलेख त्यांनी एकत्र केले. त्यांत औषध आणि बहुवारिक यांच्या ४३ जोड्या होत्या. त्यांवर ११ प्रकारच्या संगणकीय पद्धती तपासल्या असता निर्णयवृक्षांवर आधारलेली ‘लाइटजीबीएम’ ही पद्धत सरस ठरली. कोणते गुणधर्म मोचनाचा वेग वाढवतात वा कमी करतात, याचाही अंदाज अशा प्रारूपातून मिळतो. त्यामुळे कोणता नमुना आधी बनवावा हे ठरवणे सोपे होते.

अर्थात, ४३ जोड्या हा विदा लहानच आहे. यंत्राने जे पाहिलेले नाही, त्याबाबतचा त्याचा अंदाज चुकू शकतो. काचपात्रात मिळालेला आलेख आणि जिवंत शरीरातील मोचन यांतही अंतर असते. म्हणून संगणकाने सुचवलेला नमुना प्रत्यक्ष बनवून पाहणे आणि त्यानंतर प्राणी व मानवी चाचण्यांतून नेणे अटळ आहे. वाचतो तो वेळ या पायरीच्या आधीचा.

रुग्णांसाठी

गोळ्यांच्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ अशी अक्षरे असल्यास ती गोळी सावकाश औषध सोडणारी आहे असे समजावे. अशी गोळी चावू किंवा कुटू नये. आवरण वा आतील रचना मोडली की अनेक तासांसाठीचे औषध एकाच वेळी रक्तात उतरू शकते. काही गोळ्या मधोमध तोडण्याजोग्या बनवलेल्या असतात, परंतु ती खात्री डॉक्टर अथवा औषधविक्रेत्याकडून करून घ्यावी. गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांच्या बाबतीत गोळी कुटण्यापूर्वी दुसरा पर्याय विचारावा.