गुलबर्ग्याची शाळा आणि मूठभर माणसे

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कथन आपण बहुधा १९३८ च्या सत्याग्रहापासून आरंभतो. मला त्याचा एक उगम १९०७ मध्ये, गुलबर्ग्यात दिसतो. (२०१४ पासून या शहराला कलबुर्गी म्हणतात, माझ्या जिभेवर जुनेच नाव आहे.) त्या वर्षी तेथे नूतन विद्यालय निघाले. त्यामागे होते विठ्ठलराव देऊळगावकर, केशवराव कोरटकर यांच्यासारखे मोजके वकील. पक्ष नाही, राजाश्रय नाही.

शाळाच का काढली? निजामी राज्यात घरी मराठी, कानडी वा तेलुगू आणि कचेरीत उर्दू अशी स्थिती होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ झाले, तेही उर्दू माध्यमाचे. आपल्या भाषेत शिकणे हीच येथे सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी होती. पुढे 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभेला पूर्वपरवानगी आवश्यक झाली आणि खासगी शाळांवरही निर्बंध आले. तरीही, जेथे सभा भरत नव्हती तेथे वर्ग भरत होता.

गुलबर्ग्याहून फार दूर नसलेल्या हिप्परग्यास १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये तेथे व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून आले. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. संन्यासानंतर तेच स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस गेले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या कामास लागले. तीन वर्षांनी, जन्मण्यापूर्वीच बंदी आलेल्या स्टेट काँग्रेसला या शिक्षकांच्या वर्तुळातूनच कार्यकर्ते मिळाले. चळवळीने शाळा काढल्या असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला क्रम उलटा वाटतो.

या मंडळींना मी देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. आरंभीचे वर्तुळ मुख्यतः वकील व सुशिक्षितांचे होते. कुळाच्या, शेतमजुराच्या घरची किती मुले त्या बाकांवर बसली, मुली किती होत्या, हे प्रश्न आपल्या इतिहासकारांनी पुरेसे विचारलेले नाहीत. मूठभरांचे कार्य जोखताना मुठीबाहेर कोण राहिले हेही पाहावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. रामानंद तीर्थ १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले होते आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून. नकाशावर मध्ये रेषा पडली होती, मतदारांना माणूस परका वाटला नाही.