सिनेमा सगळ्यांचा कधी होणार?

आज आपण सिनेमाचा इतिहास बघणार आहोत, पण नटनट्यांचा नाही. ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी सिनेमाचं दार कधी उघडलं आणि कधी मिटलं, त्याचा.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. तो मूकपट होता. पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत आणि पुढची गोष्ट सांगत. बहिऱ्या माणसाला वाचता येत असेल, तर त्याला शेजारच्याइतकंच कळायचं. वाचता न येणारे तर पुष्कळ. त्यांच्यासाठी काही ठिकाणी एक जण पाट्या मोठ्याने वाचून दाखवी, प्रसंग समजावून सांगे. ते ऐकून न दिसणाऱ्यालाही गोष्टीचा माग लागत असणार.

पुढे 1932 मध्ये प्रभात कंपनीने हीच हरिश्चंद्राची कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. संवाद आले, गाणी आली. पण पाट्या गेल्या आणि हळूहळू वाचून सांगणाराही गेला. कथा तीच, पण बहिऱ्या प्रेक्षकाला आता फक्त हलणारे ओठ दिसू लागले.

न दिसणाऱ्यांना संवाद मिळाले, तरी न बोलता जे घडतं ते सुटलंच. 2004 चा 'श्वास' आठवा. ऑपरेशनने नातवाची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात, जग दाखवतात. दृष्टी जाण्याचीच ही गोष्ट. पण त्यातले निःशब्द प्रसंग अंध प्रेक्षकाला कुणी शेजारी बसून सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. एक ध्वनिवर्णन: दोन संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. दुसरा म्हणजे खाली येणारी अक्षरं. त्यात संवादाबरोबर 'दार वाजतं', 'ढोल वाजतो' हेही लिहिलेलं असतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 42 मध्ये ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि अक्षरं या तिन्हींची सोय करायला सांगितलं आहे. तरी सिनेमे तसेच येत राहिले. शेवटी दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारी मंडळी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने 'पठाण' हा सिनेमा मोबाइल-टीव्हीवर येताना त्यात ध्वनिवर्णन आणि अक्षरं घालायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सिनेमागृहांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे 1932 ला गेलेल्या पाट्या परत यायला नव्वदएक वर्षं लागली, आणि त्याही मागून घ्याव्या लागल्या.

आता कळंबमध्ये बसून आपण काय करायचं? आपल्या गटांतही आता व्हिडिओ फिरतात. कर्जाची माहिती, लोणच्याची कृती, शिवणकाम, सगळं फोनवर येतं. ज्या बाईला ते कळत नाही, तिची कमाई मागे राहते. आपण व्हिडिओत म्हणतो, "हे असं एवढं घ्यायचं." न दिसणाऱ्या मैत्रिणीला 'एवढं' म्हणजे किती ते कसं कळणार? त्याऐवजी "एक वाटी मीठ, दोन चमचे हळद" असं म्हणावं. काय करतोय ते बोलत बोलत करावं. बहिऱ्या मैत्रिणीसाठी प्रमाण कागदावर ठळक लिहून कॅमेऱ्यासमोर धरावं. वाचता येत नसेल, तर वस्तू आणि माप नीट दाखवावं, हाताआड करू नये. याला पैसा लागत नाही. रेडिओवरचं हे बोलणं इथे छापून येतं, तेही ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावं म्हणून उपयोगी पडतं.

पुढचा व्हिडिओ गटावर टाकण्याआधी तो एकदा आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा कृती कळली, तरच पाठवा.