कात्री की कैची?

सिझर लिफ्टचे मराठी करू गेलो तर हाताशी दोन शब्द येतात: कात्री आणि कैची. दिसायला जुळी भावंडे, कुळे मात्र पार निराळी.

कात्रीचे कूळ सरळ आहे. संस्कृत ‘कृत्’ म्हणजे कापणे. त्यावरून ‘कर्तरी’, प्राकृतात ‘कत्तरी’, मग आपली कात्री. कातरणे, कात्रण ही त्याच गोतातली. व्याकरणातला ‘कर्तरी प्रयोग’ मात्र या घरचा नव्हे. ती ‘कर्तृ’ची सप्तमी, धातू ‘कृ’. कानडीत कात्री ‘कत्तरि’, सुरी ‘कत्ति’ आणि सुपारी ‘अडके’. आपला अडकित्ता तिकडूनच आला असावा.

इंग्रजी ‘सिझर्स’च्या मुळाशी लॅटिन ‘काएदेरे’ दिसते, तेही कापणेच. पुढे लोकांनी त्याचे नाते ‘स्किन्देरे’ या दुसऱ्याच धातूशी जोडले आणि स्पेलिंगमध्ये ‘एस’शेजारी ‘सी’ येऊन बसला. हे ‘स्किन्देरे’ आपल्या ‘छिद्’चे नातलग. म्हणजे इंग्रजी कात्रीत आपला ‘छेद’ चोरपावलांनी शिरला म्हणायचा!

गंमत अशी, की सिझर लिफ्ट कापत काहीच नाही. दोन दांड्यांची फुली, मधोमध खीळ. खालची टोके जवळ आली की फुली उभट होते आणि वरचा तक्ता चढतो. दांड्याची लांबी गुणिले जमिनीशी होणाऱ्या कोनाची ज्या, एवढी एका फुलीची उंची. (ही ‘ज्या’ अरबीतून लॅटिनमध्ये जाऊन ‘साइन’ कशी झाली, ती कथा पुन्हा कधी.) लिफ्ट मिटलेली असते तेव्हाच तिला उचलणे सर्वांत जड. कोन शून्याकडे जाऊ लागला की टोकांना आडवे रेटायला लागणारे बळ अफाट वाढते, म्हणून हायड्रॉलिक सिलिंडर बहुधा तिरपा बसवतात. विमानात जेवण चढवणारा ट्रक, गॅरेजात मोटारसायकल उचलणारा तक्ता, मॉलच्या छतातले दिवे बदलायचे मचाण, सगळीकडे हीच फुली. जर्मन लोक अशा फुल्यांच्या साखळीला ‘न्यूरेंबर्गची कात्री’ म्हणतात.

आता कैची. ती मूळची तुर्की दिसते, आपल्याकडे आली फारसीच्या हाताने. खुद्द तुर्कस्तानात आज कात्रीला ‘मकास’ म्हणतात आणि तो शब्द अरबी! मराठीत आल्यावर कैचीने कापण्याचे काम बरेचसे कात्रीवर सोडले आणि आकार तेवढा स्वतःकडे ठेवला असावा. छपराची कैची लाकडे जोडते, कुस्तीतली कैची प्रतिस्पर्ध्याला जखडते. माणूस कात्रीतही सापडतो हे खरे, पण तिथे दोन्ही बाजूंची धार जाणवते.

राहिली लिफ्ट. तिचे मराठी ‘उद्वाहन’, ‘उद् + वह्’, वर वाहून नेणे. संस्कृतात याच धातूचा ‘उद्वाह’ म्हणजे विवाह, तेव्हा ‘कैची-उद्वाहन’ ऐकून एखाद्या शास्त्रीबुवांना भलताच मुहूर्त आठवायचा. माझे मत ‘कैची लिफ्ट’ला: अर्धी तुर्की, अर्धी इंग्रजी, आणि कानाला पुरती मराठी.