नवे तळघर, जुन्या वेली

रघूचे सैनिक पारसीकांच्या द्राक्षभूमीत मधुपान करून विजयाचे श्रम घालवितात, हे रघुवंशाच्या चौथ्या सर्गात आहे. आणि तो सर्ग शिकविताना आमच्या संस्कृतच्या सहाध्यापकांस कधी संकोच झाल्याचे आम्ही पाहिले नाही. तेव्हा स्पेनमधील एका डोंगराळ मुलखाच्या तांबड्या वाइनची हकीकत इतिहास म्हणून सांगावयास आम्हांसही प्रत्यवाय दिसत नाही. सोवळ्या वाचकांनी हवे तर तिला द्राक्षासव म्हणावे.

हा मुलूख म्हणजे कातालोनियातील प्रियोरात. त्याची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी की, 1989 साली पाच तरुण वायनऱ्यांनी येथे उत्तम तांबड्या वाइनचा शोध लावला. कथा खोटी नाही. मात्र तिच्यातील ‘शोध’ हा शब्द आम्हांस खटकतो, आणि तो का खटकतो हे सांगावयाचे तर मागे गेले पाहिजे.

तारागोनाच्या किनाऱ्यापासून आत गेले की मोन्सान्त पर्वताचा कडा लागतो. त्याच्या पायथ्याशी बाराव्या शतकात कार्थुसियन संन्याशांनी आपला मठ स्थापिला. एका धनगराने येथे देवदूतांना शिडीवरून स्वर्गात जाताना पाहिले, अशी आख्यायिका असल्यामुळे मठाचे नावच ‘स्काला देई’, म्हणजे देवाची शिडी, असे पडले. आसपासच्या गावांवर मठाच्या ‘प्रायर’ची, म्हणजे महंताची, सत्ता चाले, त्यावरून मुलूख प्रियोरात झाला. मौनव्रती संन्याशांनी द्राक्षलागवडीची विद्या मात्र मुक्तहस्ताने पसरविली. 1835 साली स्पेनच्या सरकारने मठांची मालमत्ता जप्त केली, संन्यासी गेले, इमारतीचे भग्नावशेष झाले. वेली शेतकऱ्यांच्या हाती राहिल्या.

पुढचा घाव किडीचा. फिलॉक्सेरा नावाची, अमेरिकेतून आलेली, मुळे पोखरणारी सूक्ष्म कीड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे पोहोचली आणि मळेच्या मळे वाळून गेले. तरुण माणसे शहरांतील गिरण्यांकडे निघाली. डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांची शेते ओस पडली. जे मागे राहिले त्यांनी अमेरिकन खुंटावर गार्नाचा आणि कारिन्येना या जातींची कलमे बांधून थोडीथोडी जमीन पुन्हा लाविली. पिकाचा पैसा जेमतेम होई. द्राक्षे सहकारी संस्थेत घालावयाची, आणि तेथील गडद वाइन पिंपांतून दुसऱ्या मुलखांच्या फिक्या वाइनला रंग व बळ देण्यासाठी जावयाची, असा क्रम अनेक दशके चालला. 1954 साली प्रियोरातला नामाधिकार मिळाला, तरी त्या कागदाने शेतकऱ्याची चूल अधिक पेटली असे दिसत नाही.

रने बार्बिये या गृहस्थाने 1979 साली ग्राताल्योप्स गावाजवळ जमीन घेतली, आणि हळूहळू त्याच्याभोवती मंडळी जमली. फाल्सेतच्या शाळेत शिकविणारा जुझेप युईस पेरेस हा त्यांपैकीच. आमच्या पेशाचा माणूस म्हणून त्याचा उल्लेख अंमळ अभिमानाने करतो. रिओखातील वाइनव्यापारी घराण्यातला, बोर्दोत शिकून आलेला, पंचविशीचा आल्व्हारो पालासियोस हा दुसरा. कार्लेस पास्त्राना आणि डाफ्ने ग्लोरियान हे आणखी दोघे. 1989 च्या हंगामात या पाचांनी एकाच तळघरात एकच वाइन केली आणि पाच निरनिराळ्या चिठ्ठ्या लावून ती विकली! दारिद्र्यातून निघालेली इतकी मनोहर युक्ती व्यापाराच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

पण त्या बाटलीत होते काय? येथील जमीन म्हणजे ‘लिकोरेया’ नावाची काळसर, अभ्रकाने चमकणारी पाटीच्या दगडाची चूर. पाणी तिच्यावर ठरत नाही. वेलीचे मूळ भेगांतून खोल उतरते, आणि जुनी वेल वर्षाकाठी किलोभर द्राक्षे देईल तर देईल. अशा तुटपुंज्या फळांतच तो घट्ट रस असतो. नवागतांनी फ्रान्समधून ओकची पिंपे आणली, काबर्ने व सिरा या परदेशी जातीही लाविल्या. पण पालासियोसची सर्वांत नावाजलेली वाइन निघाली ती 1993 साली घेतलेल्या ‘लेर्मिता’ नावाच्या मळ्यातून, आणि तेथे उभ्या होत्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुणा शेतकऱ्यांनी लाविलेल्या गार्नाचाच्या वेली. तो उतार इतका उभा की तेथे नांगर खेचरानेच ओढावा लागतो.

याचा अर्थ पाचांचे श्रेय हिरावून घ्यावे असा नाही. रंगाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या मालात त्यांना गुण दिसला, आणि त्या गुणासाठी पदरचा पैसा घालण्याची छाती त्यांनी दाखविली. गावच्या म्हाताऱ्यांपाशी वेली होत्या, पैसा नव्हता. स्काला देईच्या जुन्या जागेत 1970 नंतर बाटलीत भरून वाइन विकण्याचा यत्न झाला होता, पण जगाचे लक्ष तिकडे वळले नव्हते. आमच्या मते पाचांनी शोधली ती वाइन नव्हे, गिऱ्हाईक होय. त्यांच्या पहिल्या वर्षांच्या वाइनमध्ये लाकडाचा व मद्यार्काचा भर फार, हा आक्षेपही वाजवी होता. पुढे अनेकांनी परदेशी जातींचे प्रमाण घटवून गार्नाचा-कारिन्येनाकडेच मोर्चा वळविला.

2000 साली कातालोनियाच्या सरकारने प्रियोरातला सर्वोच्च दर्जा दिला. माद्रिदने तो 2009 साली मान्य केला. रिओखाखेरीज दुसऱ्या कोणत्याही मुलखास स्पेनमध्ये हा मान तोवर मिळालेला नव्हता. त्याच 2009 साली बाटलीवर गावाचे नाव छापण्याची सोय झाली. ज्या गावांचा माल इतकी वर्षे निनावी पिंपांतून परमुलखात जात होता, त्या ग्राताल्योप्स, पोरेरा यांची नावे आता चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत वाचावयास मिळतात.