जयपूरचे १८८३ चे प्रदर्शन आणि सुतारांचे हात

१८८३ च्या आरंभी जयपुरातील नया महाल या इमारतीत, म्हणजे जेथे स्वातंत्र्यानंतर अनेक दशके राजस्थानची विधानसभा भरत असे त्या वास्तूत, औद्योगिक कलांचे एक मोठे प्रदर्शन भरले. आजच्या व्यापारी मेळाव्यांत जी माणसे विकत घेण्याच्या हेतूने नव्हे, तर केवळ कामाच्या ओढीने दालनादालनांतून फिरतात, त्यांचा पूर्वज शोधायचा झाल्यास तो या प्रदर्शनाच्या प्रेक्षकांत सापडतो. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांच्या आश्रयाखाली रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक थॉमस होल्बाइन हेंडली यांनी त्याची आखणी केली. धातू, मीनाकारी, वस्त्रे, मृद्भांडी आणि लाकूड अशा सर्व शाखांतील वस्तू देशभरातून मागवण्यात आल्या आणि प्रदर्शनानंतर हेंडली यांनी त्याचा वृत्तांत चार खंडांत प्रसिद्ध केला.

या उपक्रमामागचा हेतू स्पष्ट होता. स्थानिक कारागिरांसमोर देशातील निवडक उत्तम कामाचे नमुने ठेवावेत, म्हणजे ते पाहून त्यांचे स्वतःचे काम सुधारेल, आणि त्याचबरोबर सामान्य लोकांचेही मनोरंजन व शिक्षण व्हावे, असा तो दुहेरी हेतू होता. युरोपीय वस्तूंच्या अंधानुकरणाने हिंदी कारागिरी बिघडत आहे, ही त्या काळातील अनेक इंग्रज कलाभ्यासकांची चिंता त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. मात्र चांगले काम कोणते आणि बिघडलेले कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता, ही या साऱ्या चळवळीतील मोठी उणीव होय.

लाकडाच्या बाबतीत जयपूरची भूमी तयार होती. महाराजा रामसिंह दुसरे यांनी १८६० च्या दशकात शहरात कलाशाळा काढली होती आणि तेथे चित्रकला व मातीकामाच्या जोडीला सुतारकामही शिकवले जात असे. परंतु कोरीव लाकडाचे खरे माहेर शहराच्या उत्तरेला, शेखावाटीत होते. मुंबई-कलकत्त्यात पैसा मिळवलेल्या मारवाडी सावकारांनी आपल्या गावी हवेल्या बांधल्या. त्यांच्या रंगीत भिंतींचे कौतुक आज सर्वत्र होते, दरवाजांकडे मात्र तितके लक्ष जात नाही. पुण्या-नाशिकच्या वाड्यांतील कोरीव गणेशपट्टी, म्हणजे चौकटीच्या माथ्यावरील आडवे लाकूड, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथील दरवाजाची भाषा परकी वाटत नाही, पण तिचे व्याकरण निराळे आहे. वाड्यात कोरीवकामाचा भर खांब, तुळया आणि चौकटीवर असतो, तर शेखावाटीत तो दाराच्या पृष्ठभागावर पसरतो आणि लहान चौकोनांत विभागलेल्या या पृष्ठभागावर भौमितिक व वेलबुट्टीची नक्षी उथळ उठावात येते. शिसव आणि रोहिडा ही या कोरड्या प्रदेशातील जवळची लाकडे. पैकी रोहिडा हा मारवाडचा साग म्हणून ओळखला जातो.

कारागिरीचा एक प्रकार जवळून पाहण्याजोगा आहे. तारकशी, म्हणजे शिसवीच्या लाकडात पितळेची तार बसवण्याचे काम, मुळात उत्तर प्रदेशातील मैनपुरीची ओळख; आज ती जयपुरातही केली जाते. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर आधी नक्षी रेखतात, त्या रेघेवर अगदी बारीक पटाशीने खाच पाडतात, चपटी तार उभी धरून हलक्या हातोडीने खाचेत ठोकतात आणि शेवटी लाकूड व धातू एका पातळीत येईपर्यंत सारे घासून काढतात. खाच तारेपेक्षा किंचित सैल पडली तर तार धरत नाही, घट्ट पडली तर लाकूड चिरते. तयार डबी पाहणाऱ्याला सोनेरी रेघ तेवढी दिसते. तिच्यामागची ही मोजदाद वस्तू मुळीच सांगत नाही. प्रदर्शन नावाच्या संस्थेची मर्यादा येथेच आहे: वस्तू काचेमागे जाते, तेव्हा तिला घडवणारा हात आणि हत्यार दाराबाहेर राहते.

जयपूरच्या लाकूडकामाने पुढे समुद्र ओलांडला, तेव्हा ही मर्यादा अधिक ठळक झाली. १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात वसाहती व हिंदुस्थानचे प्रदर्शन भरले आणि त्यासाठी माधोसिंहांच्या खर्चाने एक कोरीव लाकडी प्रवेशद्वार तयार झाले. त्याची रचना हेंडली आणि राज्याचे अभियंते सॅम्युएल स्विंटन जेकब यांची, कोरीवकाम शेखावाटीच्या सुतारांचे. वर नगारखान्याची मांडणी आणि ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे जयपूर घराण्याचे बोधवाक्य. हे द्वार आज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह येथील संग्रहालयाच्या आवारात उभे आहे. दोघा इंग्रजांची नावे त्याच्या प्रत्येक वर्णनात येतात, कोरणाऱ्यांची ओळख मात्र बहुधा त्यांच्या प्रदेशाच्या नावापाशीच थांबते. त्याच प्रदर्शनातील दरबार हॉल पंजाबातील भेऱ्याच्या मुहम्मद बक्ष आणि मुहम्मद जुमा यांनी कोरला होता आणि त्यांची नावे टिकली आहेत. तो पुढे हेस्टिंग्जच्या संग्रहालयात गेला. नावे नोंदवणे अशक्य नव्हते, हे यावरून सिद्ध होते. शेखावाटीच्या सुतारांच्या वाट्याला ते आले नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल.

जयपुरात मात्र प्रदर्शनाच्या उणिवेवर एक उपाय शोधला गेला, आणि लाकडात स्वतः हात घालू इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने तो द्वारापेक्षाही मोलाचा आहे. १८९० पासून जेकब यांनी वास्तुतपशिलांचा एक संग्रह भागाभागांनी प्रसिद्ध केला, जो पुढे १२ भागांपर्यंत गेला. जुन्या इमारतींचे तपशील प्रत्यक्ष मोजून स्थानिक नकाशाकारांनी ते मोठ्या मापात रेखाटले. संग्रहातील पाने सुटी ठेवण्यात आली, जेणेकरून एका ठिकाणचा कंस दुसऱ्या ठिकाणच्या कंसाशेजारी मांडून ताडता यावा आणि कामाच्या जागी हवे तेवढेच पान नेता यावे. त्यातील तिसरा भाग पूर्णपणे कोरीव दरवाजांना वाहिलेला आहे. प्रदर्शनात दरवाजा डोळ्यांना भावतो. मोजलेल्या रेखाटनात नक्षीची खोली, पट्टीची रुंदी आणि एका घटकाचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण कळते, आणि ते कळल्यावाचून पटाशी उचलता येत नाही. तरीही कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ, नेमकी किती कसावी, हे ज्ञान कागदावर उतरत नाही. ते उस्तादाशेजारी बसूनच मिळते.

१८८३ च्या प्रदर्शनाने संग्रहालयाच्या कल्पनेलाही बळ दिले. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पायाभरणी झालेली, जेकब यांच्या आराखड्याने उभारलेली अल्बर्ट हॉलची इमारत १८८७ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. आजच्या लाकूड-उद्योगाच्या मेळाव्यांचे रूप अगदी उलटे आहे. बेंगळुरू येथे भरणाऱ्या इंडियावुडसारख्या प्रदर्शनात संगणकाने चालणारी कोरणयंत्रे, कडापट्टी चिकटवणारी यंत्रे, बिजागऱ्या, सरस आणि रंगलेप यांचीच दालने असतात. तेथे हत्यार समोर येते आणि वस्तू मागे सरते. हौशी माणसाला तेथे यंत्र चालताना दिसते, प्रश्न विचारता येतात, करवतीचे पाते हातात घेऊन पाहता येते, आणि ही सोय हेंडली यांच्या प्रेक्षकाला नव्हती. पण त्या यंत्राने नेमके काय कोरावे, उठाव किती ठेवावा आणि कोठे थांबावे, याचे उत्तर विक्रेत्यापाशी नसते. ते शोधणाऱ्याने जयपूरला आल्यावर आधी अल्बर्ट हॉल पाहावा, नंतर शेखावाटीतील एखाद्या जुन्या हवेलीच्या दारापुढे मोजपट्टी आणि कागद घेऊन बसावे. जेकब यांच्या नकाशाकारांनी हेच केले होते.