राजाची खेळगाडी आणि सौसरची छोटी गाडी

पांढुर्णा आणि सौसर ही दोन गावे २०२३ सालापासून एकाच नव्या जिल्ह्यात नांदत आहेत. दोन्हीकडची बोली मराठी, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, आणि दोन्ही गावांची मोठी खरेदी शेवटी नागपुरालाच जाऊन होणारी. तथापि लोहमार्गाच्या बाबतीत ही शेजारची गावे शंभर वर्षे दोन निरनिराळ्या जगांत राहिली. पांढुर्ण्याच्या फलाटापुढून जातो तो साडेपाच फूट रुंदीचा राजमार्ग. दिल्ली आणि मद्रास यांना जोडणाऱ्या गाड्या तेथून धडधडत जातात, पुष्कळशा तर न थांबताच. सौसरला होती ती अडीच फुटांची छोटी गाडी. बंगाल-नागपूर रेल्वेने ती १९१३ साली नागपूर आणि छिंदवाड्याच्या दरम्यान सुरू केली. इतवारी, सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौसर, रामाकोना असे करीत ती सातपुड्याच्या पायथ्याशी येई आणि भीमालगोंदीच्या बाजूने घाट चढून वर जाई. २०१५ सालच्या अखेरीस ती बंद झाली, रूळ उखडले गेले, आणि २०२१ पासून त्याच वाटेने मोठ्या रुळांवरची गाडी धावू लागली. सौसरकरांची सोय झाली, यात शंका नाही. छोटी गाडी मात्र गेली ती गेलीच.

आज मला सांगावयाचे आहे ते अशा छोट्या गाडीविषयी; परंतु तिच्याहूनही छोट्या अशा एका गाडीच्या वाटेने. बागेत, झाडांच्या मुळांशी आणि फुलांच्या वाफ्यांमधून, हातभर लांबीचे इंजिन खऱ्या वाफेवर वा विजेच्या घटांवर चालविण्याचा एक छंद जगात आहे. इंग्लंडात आणि जर्मनीत त्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडे हा छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, फार तर श्रीमंताघरच्या मुलांचे खेळणे, असे समजण्याची रीत आहे. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो, आणि तो इतिहास दोन मराठी राजघराण्यांच्या आवारातून सुरू होतो.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १८८६ साली, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, गादीवर आले. यंत्रांचे त्यांना वेड होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी आणविली, आणि तिचे इंजिन ते स्वतः चालवीत. राजाची हौस म्हणून ती गाडी कौतुकापुरती राहिली असती तर आज तिचे नाव कोणी घेतले नसते. पण ती राजवाड्याच्या आसपास थांबली नाही. तेच दोन फुटी रूळ वाढत वाढत भिंडला पोहोचले, शिवपुरीला पोहोचले, आणि १९०९ साली श्योपूरपर्यंत गेले. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांचे. एवढ्या अरुंद रुळांवरून इतका लांबचा प्रवास घडविणारी दुसरी गाडी जगात क्वचितच असेल. चंबळच्या खोऱ्यातल्या ज्या गावांना दुसरे वाहन नव्हते त्यांनी तीत बसून, आणि तिच्या टपावरही बसून, शतकाहून अधिक काळ ये-जा केली. २०२० साली ती बंद झाली आणि तेथेही मोठे रूळ घालण्याचे काम निघाले.

याच माधवरावांच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर चांदीची एक इवलीशी गाडी पाहुण्यांपुढून फिरत असे. ती विजेवर चाले. शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावातील सात अक्षरे तिच्या सात डब्यांवर एकेक कोरलेली, आणि डब्यांत मद्याच्या कुप्या व चिरुट. कुपी उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की पुढे चालू लागे, असे सांगतात. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांना ही चांदीची गाडी फार आवडते. मला विचाराल तर मेजावरच्या त्या गाडीपेक्षा श्योपूरची धुळकट गाडी शतपटीने मोलाची होती. वस्तुतः दोन्हींचा उगम मात्र एकाच माणसाच्या हौसेत आहे.

दुसरे घराणे बडोद्याच्या गायकवाडांचे. १९४१ साली महाराज प्रतापसिंहरावांनी आपल्या पुत्रासाठी, म्हणजे तीन वर्षांच्या रणजितसिंहांसाठी, वाफेच्या इंजिनाची एक लहानगी गाडी आणविली. रुळांमधले अंतर दहा इंचांच्या आसपास. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील आमराईला वळसा घालून ती राजघराण्यातील मुलांना त्यांच्या शाळेच्या इमारतीपर्यंत नेई. पुढे १९५६ साली ही गाडी गावातील सयाजी बागेत गेली आणि बडोद्याच्या सामान्य मुलांना तीत बसावयास मिळाले. तिचे जुने इंजिन दुरुस्त करून राजवाड्याच्या संग्रहालयापुढे ठेवलेले आहे. शाळेच्या त्याच इमारतीत आज ते संग्रहालय आहे. योगायोग असा की, त्याच १९५६ साली पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ धावू लागली. राजाच्या बागेतली गाडी नगरपालिकेच्या बागेत आली, ती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत या गोष्टीची नोंद नसेल, पण तिकीट हाती धरून रांगेत उभ्या राहिलेल्या पोराच्या दृष्टीने संस्थाने खालसा होण्याचा अर्थ तोच असावा.

आता अडीच फुटांच्या गाडीकडे वळू. रूळ अरुंद का घालीत? कारण त्याने पैसा वाचे. डोंगर कमी फोडावा लागे, वळण आखूड घेता येई, पूल हलके चालत. परंतु अरुंद रूळ म्हणजे दुबळी गाडी, असा तज्ज्ञांचा समज होता. तो खोटा ठरविला गेला तो आपल्याच बार्शीला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि धुरीवरचा भार नीट वाटून दिला तर अडीच फुटांवरूनही भरभक्कम वाहतूक होते, हे दाखवून दिले. पंढरीच्या वारकऱ्यांनी त्या गाडीच्या ताकदीची परीक्षा वर्षानुवर्षे घेतली, ती वेगळीच! याच कॅल्थ्रॉपने पुढे १९०४ साली इंग्लंडातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात बार्शीच्या अनुभवावर एक लोहमार्ग उभा केला. तो १९३४ साली बंद पडला. तरीही त्याच्या इंजिनांच्या प्रतिकृती इंग्रज छांदिष्टांच्या बागांतून अद्याप धावत आहेत. त्यांना मूळ रूळ उखडल्याचे जणू कोणी कळविलेलेच नाही. दार्जिलिंगच्या डोंगरी इंजिनाच्याही वाफेवरच्या प्रतिकृती तिकडे घडल्या आणि विकल्या गेल्या. आपल्या सातपुड्याच्या इंजिनाला हे भाग्य लाभावयाचे असेल, तर ते येथल्याच कोणाला तरी मनावर घ्यावे लागेल.

यात अशक्य असे काही नाही. बागेतील गाडीसाठी सर्वत्र रूढ झालेली रुळांची रुंदी पंचेचाळीस मिलिमीटर आहे. सौसरच्या गाडीची रुंदी सातशे बासष्ट मिलिमीटर होती. म्हणजे मूळ गाडी सुमारे सतरा पटींनी लहान केली की ती बागेत बसते. संत्र्याचे बारा फुटी झाड तिच्या शेजारी दोनशे फुटांच्या देवदारासारखे दिसेल, हे खरे. आणि बागेला पाणी द्यावयाचा पाट म्हणजे तिची कन्हान नदी.

खरी अडचण येते ती इंजिनाच्या पोटात. माप सतरा पटींनी घटविले की बॉयलरचा पृष्ठभाग दोनशे एकोणनव्वद पटींनी घटतो, परंतु त्यात मावणारे पाणी जवळजवळ पाच हजार पटींनी घटते. याचा अर्थ असा की, तेवढ्याच पाण्याच्या मानाने उष्णता निसटून जाण्यास वाट सतरापट मोठी होते. मोठे इंजिन तास न् तास धग धरून ठेवते, छोटे पाहता पाहता निवते. म्हणून खऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल करून ते चालत नाही. बॉयलर तांब्याचा करतात, त्याचे सांधे चांदीच्या डाखाने जोडतात, कोळशाऐवजी बहुधा गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत ठेवतात. पाणी भरावे, ज्योत लावावी, काही मिनिटांत दाबाचा काटा हलू लागतो. सुरक्षा झडप फुसफुसली की वाफ तयार आहे असे समजावे. मग वीस-पंचवीस मिनिटे गाडी धावते. पाणी संपण्यापूर्वी ज्योत विझली पाहिजे, हा पहिला नियम. कोरड्या बॉयलरखाली ज्योत राहिली तर डाख वितळतो आणि महिनोन् महिन्यांचे काम वाया जाते. विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार नळ्यांत धरतात. मोठ्या इंजिनांचे बॉयलर ठराविक मुदतीने धुऊन काढावे लागत, ते याच कारणासाठी.

विजेच्या घटांवरचे इंजिन या सर्व कटकटींतून मुक्त आहे. पूर्वी बागेतील गाडीला वीज रुळांतूनच पुरवीत. पण उघड्यावर रुळांवर धूळ बसते, पाने कुजतात, गंज चढतो, आणि गाडी अडखळते. आता लिथियमचे लहान घट डब्यात ठेवता येतात, हातातल्या यंत्राने बिनतारी हुकूम देता येतो. घाट असो वा वळण, वेग सांगाल तसा राहतो. मुलांच्या हाती द्यावयाची गाडी हीच. चैत्र-वैशाखात बागेत वाळलेले गवत असताना उघडी ज्योत घेऊन फिरण्यापेक्षा हे शहाणपणाचेही आहे. मात्र गाडी कोणतीही असो, रुळांना ऊन चुकत नाही. दहा मीटर लांबीचा पितळी रूळ तीस अंशांनी तापला तर जवळजवळ सहा मिलिमीटरांनी वाढतो. सांध्यात फट ठेवली नाही तर दुपारी रूळ वाकून वर येतो.

मग वाफेचा अट्टाहास कशासाठी? माझ्या मते कारण असे की, घटांवरचे इंजिन आपल्याला मूळ गाडीचे रूप दाखविते, आणि वाफेचे इंजिन तिचा स्वभाव दाखविते. ओझे वाढले की ते दमते, उतारावर अनावर होते, थंड सकाळी रुसते. पुण्याला कोथरुडात भाऊ जोशी यांच्या कल्पनेतून १९९८ साली उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना विजेवरची लहान गाडी किती देखणी असू शकते ते ठाऊक आहे. पण सातपुड्याचा घाट चढताना फायरमनला काय करावे लागे, हे त्या देखणेपणातून कळत नाही.

आणि नेमके हेच ज्ञान आता नाहीसे होत आहे. सातपुड्याच्या छोट्या गाडीवर पुढे डिझेल इंजिने आली, वाफेची निवृत्त झाली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात १९०६-०७च्या सुमारास बांधलेल्या ‘सीसी’ वर्गाच्या इंजिनांनी येथे दीर्घकाळ सेवा केली. नागपूरला मोतीबागेत २००२ साली अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय झाले, तेथे जुनी इंजिने व डबे जतन केलेले आहेत. मुलांसाठी खेळगाडीही आहे. सौसरहून नागपूर काही फार दूर नाही. फूटपट्टी आणि वही घेऊन कोणी तेथे गेला तर चाकांचे अंतर, धुराड्याची उंची, पायरीची रुंदी हे सारे टिपून आणता येईल. लोखंड मापता येते. परंतु घाटाच्या कोणत्या वळणावर वाफ वाढवीत, पावसाळ्यात निसरड्या रुळांवर वाळू केव्हा सोडीत, भीमालगोंदीच्या चढाला लागण्यापूर्वी भट्टीत किती फावडी कोळसा टाकून ठेवीत, हे लोखंडावर लिहिलेले नसते. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरातली. नातवाला मांडीवर घेऊन ती गाडीच्या गोष्टी सांगत असतील. पण भट्टीच्या दाराची कडी डाव्या हाताने ओढीत की उजव्या, हे नातू विचारीत नाही. बागेत चालेल असे इंजिन घडवावयास बसलेला मनुष्य मात्र हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारतो, कारण त्याला ती कडी कोणत्या तरी बाजूला बसवायचीच असते.