दुचाकीची चाकं आणि चेन साफ करताना: कोणतं क्लीनर सुरक्षित, कोणतं घातक?

खंडेनवमी आणि दसऱ्याच्या आधीचे चार दिवस मंडईच्या आसपासच्या बोळांत एकच दृश्य दिसतं. बादली, फडकं, जुना टूथब्रश आणि स्टँडवर लावलेली गाडी. माझा दवाखाना याच भागात आहे. त्यामुळे याच दिवसांत हात भाजलेले, डोळ्यांत फवारा गेलेले आणि चेनमध्ये बोट अडकलेले रुग्ण मला जास्त दिसतात.

काही वर्षांपूर्वी डिलिव्हरीचं काम करणारा एक तरुण दुपारी आला. दोन बोटांची टोकं ठणकत होती. कातडी जराशी लाल, बाकी काहीच नाही. "गाडी धुतली, बाकी काही केलं नाही," एवढंच तो म्हणाला. मी वेदनाशामक गोळी देऊन त्याला घरी पाठवलं. रात्री तो पुन्हा आला, तेव्हा वेदनेनं रडत होता आणि बोटांची टोकं पांढुरकी पडली होती. गाडी कशानं धुतली, हे मी तेव्हा विचारलं. त्यानं मोबाइलवर अलॉय व्हीलच्या क्लीनरच्या बाटलीचा फोटो दाखवला. घटकांमध्ये अमोनियम बायफ्लुओराइड होतं. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं, उपचार वेळेत झाले आणि बोटं वाचली. पण हा प्रश्न मी दुपारीच विचारायला हवा होता. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा न विचारता सांगा आणि बाटली सोबत न्या.

थोडक्यात

- चाकांसाठी पाणी आणि गाडीचा सौम्य शाम्पू पुरेसा असतो. ॲसिड लागत नाही.
- चेनसाठी पेट्रोल कधीही नको. चेनसाठीच बनवलेलं, क्लोरीनयुक्त द्रावक नसलेलं क्लीनर घ्या.
- इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका. सर्वात गंभीर इजा यामुळेच होते.
- रॉकेल, डिझेल, पेट्रोल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका.
- पोटात गेलं तर उलटी करवू नका.

पेट्रोल का नको?

पेट्रोलनं ग्रीस पटकन निघतं, म्हणून ते वापरण्याची सवय आहे. पण शून्याच्या खाली चाळीस अंश तापमानालाही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. जुन्या वाड्याच्या बोळात किंवा इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये ती काही फुटांवरच्या गॅस गीझरपर्यंत, शेगडीपर्यंत किंवा कुणाच्या बिडीपर्यंत पोहोचू शकते. ज्वाला दूर असली तरी आग वाफेवरून उलट तुमच्याकडे येते. नुकताच बंद केलेला गरम सायलेन्सर हाही धोकाच.

दुसरा धोका बेंझिनचा. बीएस-६ मानकाच्या पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. एकदा गाडी पुसल्यानं तो होत नाही. पण गॅरेजमध्ये रोज उघड्या हातांनी पेट्रोल वापरणाऱ्यांनी ही सवय सोडायलाच हवी.

शिवाय ओ-रिंग असलेल्या चेनमधले रबराचे कडे पेट्रोलनं खराब होतात. म्हणजे चेनचंही नुकसान.

रॉकेल आणि डिझेल

रॉकेल पेट्रोलपेक्षा कमी ज्वालाग्राही आहे आणि चेन साफ करायला ते पूर्वीपासून वापरलं जातं. वापरायचंच असेल तर उघड्यावर, हातमोजे घालून, वाटीभरच घ्या. ब्रशला लावा, चेनवर ओतू नका. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून अनेक जण डिझेल वापरतात. दोन्हींमुळे त्वचेतलं नैसर्गिक तेल निघून जातं. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. डिझेलनं भिजलेली पँट तासन्‌तास अंगावर राहिली तर मांडीची कातडी सोलवटून निघते.

खरा धोका मात्र घरातल्या लहान मुलाला असतो. उरलेलं रॉकेल पाण्याच्या बाटलीत ओतून जिन्याखाली ठेवलं जातं आणि तहानलेलं मूल ते तोंडाला लावतं. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेलं रॉकेल जास्त घातक. एक घोट गिळताना ठसका लागला तरी ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियासारखा आजार होतो. उलटी करवली तर हाच धोका पुन्हा निर्माण होतो. म्हणून मिठाचं पाणी, घशात बोट घालणं, यातलं काहीही करू नका.

चाकांसाठीची ॲसिडं

अलॉय व्हीलवर चिकटलेली ब्रेकची काळी भुकटी काढण्यासाठी मिळणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असतं. बाकीची ॲसिडं लागली की लगेच आग होते आणि माणूस हात धुतो. सौम्य केलेलं हायड्रोफ्लुओरिक ॲसिड सुरुवातीला जाणवतही नाही. काही तासांनी, कधी कधी २४ तासांपर्यंत, वेदना सुरू होतात. तोवर ते कातडीतून, विशेषतः नखांखालून, आत मुरलेलं असतं. तिथे ते शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. जास्त भाग भाजला असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कातडीवर फारसं काही दिसत नाही, पण वेदना प्रचंड, ही याची ओळख आहे. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल किंवा इंजेक्शन हा उपचार आहे आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो.

गंजलेल्या तारांच्या चाकांवर काही जण संडास धुण्याचं ॲसिड ओततात. त्याच्या वाफेनं घसा आणि श्वासनलिका जळजळते, दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणात मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. हे मिश्रण कधीच करू नका. ॲसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये कडक बंधनं घातली. ओळखपत्र न मागता, बिनलेबलच्या बाटलीत कुणी ॲसिड देत असेल तर ते घेऊ नका. आत काय आहे हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाही.

कॉस्टिक सोडा असलेले डीग्रीझरही सौम्य समजू नका. डोळ्यात गेलेला अल्कली ॲसिडपेक्षा खोल जातो आणि दृष्टी जाऊ शकते.

स्प्रे क्लीनर

ब्रेक क्लीनर किंवा पार्ट क्लीनर म्हणून मिळणाऱ्या काही स्प्रेंमध्ये हेक्झेन असतं. अमेरिकेतल्या सीडीसी या संस्थेनं २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गाडी दुरुस्ती कारागिरांबद्दल अहवाल दिला. हेक्झेनयुक्त क्लीनर सतत वापरून त्यांच्या हातापायांच्या नसा बिघडल्या होत्या. बधिरपणा, मुंग्या, नंतर अशक्तपणा. आपल्याकडे असा रुग्ण आला की आधी मधुमेह आणि बी-१२ तपासलं जातं, ते योग्यच आहे. पण तुम्ही गॅरेजमध्ये काम करत असाल तर तेही सांगा.

डायक्लोरोमिथेन किंवा टेट्राक्लोरोइथिलीन असलेले स्प्रे बंद जागेत चक्कर आणि गुंगी आणतात. ते तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगजवळ वापरले तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

मग निवडायचं काय?

*चाकांसाठी:* चाकं थंड होऊ द्या. पाण्यानं माती भिजवा, गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश वापरा. लेबलवर "ॲसिड-फ्री" किंवा "पीएच न्यूट्रल" असेल तर उत्तम. ब्रेकची भुकटी फुंकून किंवा हवेच्या दाबानं उडवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. आधी ओलं करा, मग पुसा. डिस्कवर तेल किंवा पॉलिश लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

*चेनसाठी:* "ओ-रिंग सेफ" आणि "नॉन-क्लोरिनेटेड" असं लिहिलेलं क्लीनर घ्या. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत कोणतं क्लीनर आणि तेल चालतं ते दिलेलं असतं. ते पाहा. चेन पुसून कोरडी झाल्यावर चेन ल्युब किंवा पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल लावा.

*हातांसाठी:* नायट्राइलचे हातमोजे घ्या. साधे रबरी लॅटेक्स मोजे तेलानं आणि द्रावकांनी लवकर खराब होतात. फवारा मारताना चष्मा हवा. हाताचं ग्रीस काढायला पेट्रोल नको. खोबरेल तेल चोळा, फडक्यानं पुसा, मग साबणानं धुवा.

गरोदर स्त्रिया, दमा असलेले आणि लहान मुलं यांनी या वेळी जवळ थांबू नये.

चेन आणि बोटं

मोठ्या स्टँडवर गाडी लावून, गिअरमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून चेनला फडकं धरायचं, ही पद्धत अजून दिसते. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि सोबत बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हातानं सावकाश फिरवायचं. फडक्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश धरा. फिरत्या चाकाजवळ मूल येऊ देऊ नका.

अपघात झाला तर

- डोळ्यात गेलं: लगेच वाहत्या पाण्याखाली, पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं धुवा. लेन्स असेल तर काढा. मग थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- त्वचेवर सांडलं: भिजलेले कपडे आणि अंगठी काढा, भरपूर पाण्यानं धुवा. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका. ॲसिडवर सोडा टाकू नका. चाकाच्या ॲसिड क्लीनरचा संशय असेल तर दुखत नसलं तरी रुग्णालयात जा.
- पोटात गेलं: उलटी नको. बसतं ठेवा, बाटली घेऊन रुग्णालयात जा. मूल ठीक दिसलं तरी किमान ६ तास देखरेख लागते.
- वाफ छातीत गेली: मोकळ्या हवेत आणा. धाप, छातीत घरघर किंवा गुंगी असेल तर थांबू नका.
- बोट तुटलं: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवू नका. प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयात जा. धनुर्वाताच्या लसीबद्दल तिथे विचारा.

रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डॉक्टर, वर्षानुवर्षं पेट्रोलनंच चेन धुतो, काही झालं नाही. आता कशाला बदलू?*
त्वचेचे आणि नसांचे त्रास हळूहळू वाढतात, आग मात्र एकदाच लागते. बदलायला खर्च जेमतेम एका बाटलीचा येतो.

*रॉकेल लागून हाताला भेगा पडल्या आहेत. काय लावू?*
आधी त्याचा संपर्क थांबवा. साध्या व्हॅसलीननं आठवड्याभरात फरक पडायला हवा. पडला नाही, पाणी किंवा पू येऊ लागला, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर दाखवायला या.

यंदा पूजेसाठी गाडी धुवायला काढाल तेव्हा आधी बाटलीमागचं लेबल वाचा. उरलेलं क्लीनर त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.